स्वतःच्या स्विंगला साजेसे गोल्फ क्लब: आधी काय मोजावे आणि काय बदलावे

प्रश्न विचारणाऱ्यांनी दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे. वय 46, उंची पाच फूट पाच इंच, उजव्या हाताने खेळतात, पुण्यात आठवड्यातून दोनदा खेळणे होते आणि हँडिकॅप (प्रमाणित स्कोअरपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा) 22 आहे. अमेरिकेत राहणाऱ्या थोरल्या भावाने आपला वापरलेला सेट त्यांना दिला. भाऊ जवळजवळ सहा फूट उंच आहे आणि त्याच्या आयर्नना, म्हणजे धातूच्या पातळ हेडच्या क्लबना, स्टिफ फ्लेक्सचे (कमी लवणारे) स्टीलचे शाफ्ट, म्हणजे दांडे, आहेत. सात नंबरच्या आयर्नपासून वेजपर्यंतचे (वेज म्हणजे जवळच्या फटक्यांचे क्लब) फटके डावीकडे जातात, सर्वांत लांब मारायच्या ड्रायव्हरचा चेंडू मात्र उजवीकडे वळत रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, जातो. प्रशिक्षकांचे म्हणणे आहे की आधी स्विंग बसू द्या, क्लबचे नंतर पाहू. दुकानदाराचे म्हणणे आहे की हा सेट काढून टाका आणि मापाने बनवलेला नवा घ्या. यांपैकी कोणाचे ऐकावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

गेली 22 वर्षे मी क्लबची जुळणी आणि दुरुस्ती हेच काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो की आयर्नची लांबी, लायचा कोन (शाफ्ट आणि जमीन यांतला कोन) आणि ग्रिप (क्लबची मूठ) या तीन गोष्टी प्रशिक्षण चालू असतानाच, शक्य तितक्या लवकर दुरुस्त करून घ्याव्यात. त्यानंतर शाफ्टच्या वजनाचा विचार करावा. नवा सेट आणि नवा ड्रायव्हर यांची घाई मात्र करू नये. स्विंग बसेपर्यंत क्लबला हात लावायचा नाही हा सल्ला सद्भावनेने दिला जातो, तरी मला तो पटत नाही. हातात चुकीच्या मापाचा क्लब असताना जो स्विंग बसतो, तो त्या चुकीला सांभाळून घेणाराच असतो. पुढे क्लब बदलला तरी शरीराला लागलेली सवय जात नाही, आणि ती मोडण्यात एक-दोन वर्षे सहज जातात.

तुमच्या प्रश्नातली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे आयर्न डावीकडे आणि ड्रायव्हर उजवीकडे जाणे. हे दोन वेगळे दोष वाटतात आणि त्यांवर दोन वेगळे उपाय सुचवले जातात, पण बहुधा त्यांचे मूळ एकच असते. भावाच्या उंचीला जुळणारा क्लब तुमच्या हातात आला की तुमचे हात जमिनीच्या जास्त जवळ असल्यामुळे शाफ्ट आडवा होतो आणि फटक्याच्या क्षणी हेडची टोची बाजू (शाफ्टपासून दूरची कड) वर उचललेली राहते. क्लबच्या फेसला (चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूला) लॉफ्ट असतो, म्हणजे तो मागे कललेला असतो. असा कललेला फेस टोच्या बाजूने उचलला गेला की त्याची दिशा आपोआप डावीकडे वळते. लॉफ्ट जितका जास्त, तितका हा परिणाम मोठा. टो दोन अंशांनी वर असेल, तर 31 अंश लॉफ्टच्या सात नंबरच्या आयर्नचा फेस सुमारे सव्वा अंश डावीकडे पाहतो. 140 यार्डांवर एवढ्यानेच तीन यार्डांचा फरक पडतो, आणि चेंडूला मिळणारी डावीकडची फिरकी त्यात आणखी भर घालते. 46 अंशांच्या पिचिंग वेजमध्ये तोच दोष जवळजवळ पूर्ण दोन अंशांचा होतो. साडेदहा अंशांच्या ड्रायव्हरमध्ये मात्र तो अर्ध्या अंशाच्याही आत राहतो, म्हणजे जाणवतच नाही.

आता शरीर काय करते ते पाहा. चेंडू सतत डावीकडे जाऊ लागला की खेळाडू नकळत उजवीकडे रोख धरतो, किंवा फटक्याच्या क्षणी मनगटे आवळून फेस थोडा उघडा ठेवायला शिकतो. आयर्नमध्ये ही सवय निम्मा दोष झाकते. तीच सवय घेऊन तो ड्रायव्हर हातात घेतो, तेव्हा झाकण्याजोगा दोषच तिथे नसतो. त्यामुळे उघडा फेस उघडाच राहतो आणि स्लाइस होतो, म्हणजे चेंडू उजवीकडे वळतो. प्रशिक्षक ड्रायव्हरचा स्लाइस सुधारायला जातात, मनगटे मोकळी सोडायला सांगतात, आणि त्याचे फळ म्हणून आयर्न आणखी डावीकडे जाऊ लागतात. शिकणारा आणि शिकवणारा दोघेही मन लावून मेहनत घेत असताना क्लबच त्यांच्या विरुद्ध काम करत राहतो, हे मी फार वेळा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटते.

अर्थात हे तुमच्या बाबतीत खरे आहे की नाही, ते अंदाजाने ठरवू नये. त्याची चाचणी सोपी आहे आणि तुम्ही ती स्वतः करू शकता. ठळक काळ्या मार्करने चेंडूवर एक जाड सरळ रेघ ओढा. मार्कर लगेच पुसला जाईल असा असावा, म्हणजे त्याची शाई फेसवर उमटते. चेंडू असा ठेवा की रेघ बरोबर उभी आणि फेसच्या समोर येईल. चटईपेक्षा गवतावर ठेवणे चांगले. मग सात नंबरच्या आयर्नने नेहमीचा फटका मारा आणि फेस पाहा. शाईची रेघ फेसवरच्या आडव्या खोबणींना काटकोनात उमटली असेल तर लाय बरोबर आहे. रेघेचे वरचे टोक टोच्या बाजूला झुकले असेल तर क्लब तुमच्यासाठी जास्त उभा आहे, आणि ते हीलकडे (शाफ्टच्या बाजूला) झुकले असेल तर जास्त आडवा आहे. एका फटक्यावर काहीही ठरवू नका. प्रत्येक फटक्यानंतर फेस पुसून निदान आठ-दहा रेघा पाहा आणि त्यांतल्या बहुसंख्य रेघा काय सांगतात ते लक्षात घ्या. चेंडू फेसच्या अगदी कडेला लागला असेल तर तो फटका सोडून द्या.

गवतावर उठलेला डिव्हॉट, म्हणजे फटक्याने पडलेला खळगाही, हेच सांगतो. डिव्हॉट हीलच्या बाजूला खोल आणि टोच्या बाजूला जेमतेम खरवडलेला असेल, तर टो वर आहे. मैदान ओले असताना हा पुरावा फार स्पष्ट दिसतो. मे महिन्यात पुण्याची जमीन इतकी कडक होते की डिव्हॉट धड उठतच नाही. तेव्हा रेघेवरच विसंबावे लागते.

आता लांबी. मनगट ते जमीन हे माप घ्यायला घरातल्या कोणाची तरी मदत लागते. गोल्फचे बूट घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा आणि मनगटावर जिथे तळहात संपतो तिथल्या आडव्या घडीपासून जमिनीपर्यंत फितीने इंच मोजा. हे माप 34 ते 37 इंच असेल तर कारखान्यातून येणारी प्रमाणित लांबी, म्हणजे सात नंबरसाठी सुमारे 37 इंच, बहुतेक चालते. तुमच्या उंचीच्या माणसाचे हे माप बहुधा 31 ते 33 इंच भरते, आणि मग पाव ते अर्धा इंच आखूड क्लब वापरून पाहणे योग्य ठरते. उंचीपेक्षा हे माप महत्त्वाचे असण्याचे कारण म्हणजे दोन सारख्या उंचीच्या माणसांचे हात सारख्या लांबीचे नसतात. जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता असलेल्या आणि पुढे पिंग ही कंपनी उभारणाऱ्या कार्स्टन सोल्हाइम यांच्या कंपनीने लायच्या कोनासाठी रंगीत ठिपक्यांची पद्धत आणली. तिच्या तक्त्यातही उंची आणि मनगटाचे माप अशा दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या जातात. त्या तक्त्यात काळा ठिपका म्हणजे प्रमाणित लाय. तुमच्या भावाचा सेट त्या कंपनीचा असेल तर हॉझलजवळचा (हेडच्या मानेजवळचा) ठिपका आधी पाहा. तो निळा असेल तर कारखान्यातूनच लाय नेहमीपेक्षा उभा करून घेतलेला आहे, आणि तुमच्या फटक्यांचे कारण तिथेच सापडेल.

मात्र असा तक्ता ही केवळ सुरुवात असते. उभे राहताना माणूस जिथे हात धरतो तिथेच ते फटक्याच्या क्षणी राहतात असे नाही. बहुतेकांचे हात त्या क्षणी थोडे वर येतात आणि शाफ्टही खाली वाकतो. म्हणून पाच फूट पाच इंचांच्या एखाद्या खेळाडूला प्रमाणित लायच बरोबर बसतो, तर पाच फूट दहा इंचांच्या एखाद्याला दोन अंश आडवा लागतो. माझ्याकडे येणाऱ्यांची उंची मी लिहून घेतो, पण निर्णय शाईच्या रेघेवरूनच घेतो.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी लांबी, मग लाय. शाफ्ट अर्धा इंच कापला की फटक्याच्या क्षणी टो साधारण एक अंश खाली येते. म्हणजे तुमचा निम्मा प्रश्न कापण्यानेच सुटू शकतो. ज्यांनी आधी लाय वाकवून घेतला आणि महिन्याने शाफ्ट कापले, त्यांना पुन्हा वाकवायला यावे लागते, आणि त्या धातूला दोनदा वाकवलेले आवडत नाही. कापण्याचा दुसरा परिणामही ध्यानात ठेवा. अर्धा इंच कापला की स्विंगवेट (हेड हाताला किती जड लागते त्याचे माप) तीन अंकांनी कमी होते, म्हणजे डी-2 चा क्लब सी-9 होतो आणि हेडचे वजन हाताला जाणवेनासे होते. हेडवर सुमारे सहा ग्रॅम शिशाची पट्टी लावली की ते पुन्हा पूर्ववत होते. पट्टी मागच्या बाजूला मध्यावर लावावी आणि ती पक्की बसवावी, कारण नियमांप्रमाणे फेरी सुरू झाल्यावर ती मुद्दाम काढता किंवा हलवता येत नाही. प्रत्येकाला जुने स्विंगवेट परत हवेच असते असे नाही. मी आधी पट्टी न लावता दहा चेंडू मारायला सांगतो आणि मग दोन-दोन ग्रॅम वाढवत जातो. एका टप्प्यावर खेळाडू स्वतःहून म्हणतो की आता हेड कुठे आहे ते कळते. तिथे थांबायचे.

लाय वाकवण्याच्या कामाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण ते कोणाच्याही हाती देऊ नये. क्लबचे हेड यंत्राच्या शिकंज्यात आवळतात, तेव्हा फेसवरच्या खोबणी पातळीत आहेत ना हे आधी पाहावे लागते. ते चुकले तर पुढचे प्रत्येक माप चुकते. मग शाफ्ट जिथे हेडमध्ये बसतो त्या मानेवर, म्हणजे हॉझलवर, पितळी जबड्याची लांब दांडी अडकवून हळूहळू जोर देतात. घडीव, म्हणजे फोर्ज केलेल्या मऊ कार्बन स्टीलचे हेड हाताला आधी लवचीक लागते आणि मग एका क्षणी किंचित सरकल्यासारखे होते. तिथे थांबून दांडी काढून कोन पुन्हा वाचायचा. ओतीव स्टेनलेस स्टीलचे हेड तसे सरकत नाही. ते ताणाला उलटा जोर देते आणि दांडी सोडली की जवळजवळ जुन्या जागी परत येते. अशा हेडवर एका अंशासाठी चार-पाच वेळा थोडा थोडा जोर द्यावा लागतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एका ग्राहकाचा ओतीव आयर्न घाईने एकाच दमात अडीच अंश वाकवायला गेलो आणि हॉझलला बारीक तडा गेला. तो क्लब मी भरून दिला. तेव्हापासून कठीण स्टेनलेसचे हेड मी दोन अंशांपलीकडे वाकवत नाही, आणि पोकळ बांधणीच्या हेडबद्दल त्या कंपनीचे लेखी मार्गदर्शन पाहिल्याशिवाय ते शिकंज्यात घेतच नाही. तुमचा सेट घडीव आहे की ओतीव, हे काम देण्यापूर्वी विचारून घ्या. ज्याला हा प्रश्न कळत नाही त्याच्याकडे क्लब ठेवू नका.

लाय तपासताना त्याच यंत्रावर प्रत्येक क्लबचा लॉफ्टही वाचून कागदावर लिहून घ्या. वर्षानुवर्षे चटईवर आपटून हे कोन सरकतात, आणि मऊ स्टीलमध्ये तर हमखास. मी अशा सेटमध्ये आठ आणि नऊ नंबरमध्ये दोनच अंशांचा फरक पाहिला आहे. त्या खेळाडूची खात्री झाली होती की आपल्याला नऊ नंबर मारता येत नाही. शेजारच्या दोन आखूड आयर्नमध्ये चार-पाच अंशांचे अंतर असावे.

आता शाफ्ट. इथे बहुतेकांचे लक्ष फ्लेक्सच्या अक्षरावर जाते, आणि माझ्या मते तिथेच चूक होते. एल, ए, आर, एस, एक्स या अक्षरांना सर्व कंपन्यांनी मान्य केलेले एकच मोजमाप नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या एस इतका ताठ असू शकतो, आणि जपानी बाजारासाठी बनलेला एस अमेरिकी एसपेक्षा अनेकदा मऊ असतो. त्यापेक्षा शाफ्टचे वजन पाहा. जुन्या स्टीलच्या स्टिफ शाफ्टचे वजन 120 ते 130 ग्रॅम असते. हलके स्टील 95 ग्रॅमच्या आसपास मिळते आणि आयर्नसाठीचे ग्रॅफाइट 60 ते 80 ग्रॅमपर्यंत खाली येते. वजन जड पडत असल्याची खूण पहिल्या होलवर दिसत नाही, ती चौदाव्या-पंधराव्या होलनंतर दिसते. शेवटच्या चार होलवर चेंडूच्या मागे जमीन लागू लागते, फेस वेळेत बंद होत नाही आणि चेंडू उजवीकडे सुटतो. स्वतःच्या स्कोअरकार्डांवर मागच्या दहा फेऱ्यांतले शेवटचे चार होल पाहा. तिथे सातत्याने जास्त फटके पडत असतील, तर 95 ग्रॅमचा शाफ्ट बसवलेला एखादा आयर्न मागून घ्या आणि पूर्ण फेरी त्याच्यासह खेळा. सरावाच्या रेंजवर ताज्या हाताने वीस चेंडू मारून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. उलट बाजूही सांगतो. फार हलका शाफ्ट जलद आणि झटक्याने स्विंग करणाऱ्याच्या हातात दिला की त्याची लय बिघडते आणि चेंडू चहूकडे जातात. म्हणून वय झाले म्हणजे ग्रॅफाइट, असा सरधोपट नियम मी लावत नाही.

याच कारणाने मोठ्यांचे जुने क्लब कापून मुलांच्या हातात देण्याची आपल्याकडची पद्धत थांबावी असे मला मनापासून वाटते. कापलेला शाफ्ट आणखी ताठ होतो आणि हेड तेवढेच जड राहते. आठ-दहा वर्षांचे मूल तो क्लब मनगटाने उचलू शकत नाही, म्हणून खांदा आणि पाठ वापरून ओढते, आणि तोच स्विंग घेऊन मोठे होते.

ग्रिपचे काम सर्वांत स्वस्त आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. डाव्या हाताने क्लब धरल्यावर मधले बोट आणि अनामिका यांची टोके अंगठ्याखालच्या उंचवट्याला जेमतेम टेकली पाहिजेत. ती रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, आणि मध्ये फट राहत असेल तर जाड आहे. ग्रिपखाली कागदी टेपचा एकेक थर वाढवून जाडी नेमकी साधता येते, त्यासाठी वेगळ्या मापाची ग्रिप मागवावीच लागते असे नाही. जाड ग्रिपने हुक (डावीकडे वळणारा फटका) थांबतो आणि बारीक ग्रिपने स्लाइस थांबतो असे सांगितले जाते. माझ्या पाहण्यात हा परिणाम इतका खात्रीचा नाही, म्हणून ग्रिप हाताच्या मापाने निवडावी, फटक्याच्या दोषावर औषध म्हणून नव्हे. मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्याच्या दमट हवेत खेळणाऱ्यांनी सुताची वीण असलेल्या कॉर्ड ग्रिपचा जरूर विचार करावा. घामाने ग्रिप निसटते अशी नुसती शंका आली तरी माणूस क्लब आवळतो, आणि आवळलेल्या हातांनी फेस वळत नाही. पुण्यात साधी रबराची ग्रिप पुरते. ती महिन्यातून एकदा कोमट पाण्याने आणि साबणाने धुवावी आणि चकाकू लागली की बदलावी.

ड्रायव्हरबद्दल मी थांबायला सांगितले, तरी आहे त्या ड्रायव्हरवर दोन गोष्टी करून पाहता येतील. दुकानात मिळणारे ड्रायव्हर साधारण साडेपंचेचाळीस इंचांचे असतात. ही लांबी अनेक व्यावसायिक खेळाडूही वापरत नाहीत, कारण लांब क्लबने वेग थोडा वाढला तरी चेंडू फेसच्या मध्यावर लागण्याचे प्रमाण घटते. फेसवर पावडरच्या स्प्रेचा पातळ थर मारा, दहा चेंडू मारा आणि ठसे कुठे उमटतात ते पाहा. ते हीलच्या बाजूला गोळा झाले असतील, तर स्लाइसचे आणखी एक कारण तुमच्या हाती आले. हीलला लागलेल्या चेंडूला हेडच्या वळण्यामुळे उजवीकडची फिरकी मिळते, मग स्विंग कितीही चांगला असो. अशा वेळी शाफ्ट न कापता ग्रिपवर एक इंच खाली हात धरून पुन्हा दहा चेंडू मारा. ठसे मध्याकडे सरकले तर कापायचा निर्णय नंतर शांतपणे घेता येईल. तुमच्या ड्रायव्हरचा हॉझल फिरवता येणारा असेल तर लॉफ्ट एक अंश वाढवून पाहा. हॉझल फिरवून लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंदही होतो, आणि या दोन्ही गोष्टी तुम्हाला उपयोगी आहेत. हा बदल फेरी सुरू होण्यापूर्वीच करावा, फेरीच्या मध्ये तो नियमबाह्य आहे.

मुंबई-पुण्यात आता सिम्युलेटर आणि चेंडूचा वेग, कोन, फिरकी मोजणारी यंत्रे सहज उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग जरूर करा, पण आकडे कोणाशी ताडून पाहायचे ते आधी ठरवा. ट्रॅकमॅन या यंत्राच्या कंपनीने काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध केलेल्या सरासरीनुसार पीजीए या व्यावसायिक टूरवरील पुरुषांच्या ड्रायव्हरचा वेग ताशी 113 मैल आणि एलपीजीए या टूरवरील महिलांचा 94 मैल होता. पुरुषांचा चेंडू सुमारे 11 अंशांनी उडत होता आणि महिलांचा सुमारे 13 अंशांनी. तुमचा वेग 85 ते 90 मैलांच्या आसपास असेल, तर तुमचा आदर्श एलपीजीएच्या खेळाडू आहेत. 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आलेली अदिती अशोक ही त्या टूरवर लांब मारणाऱ्यांमध्ये गणली जात नाही, तरी ती पदकाच्या अगदी जवळ पोहोचली होती. तिचा खेळ पाहिला तर फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) राहणाऱ्या चेंडूचे मोल कळते. मध्यम वेगाच्या खेळाडूने नऊ अंशांचा ड्रायव्हर घेऊन चेंडू खाली ठेवण्याचा हट्ट धरला की तो अंतरही घालवतो आणि दिशाही.

यंत्रापुढे उभे राहताना स्वतःचे नेहमीचे चेंडू बरोबर न्या आणि सर्वांत लांब गेलेल्या फटक्याकडे दुर्लक्ष करा. दहा फटके किती पसरले, ते पाहा. दुकानात सात नंबरचा नवा आयर्न तुमच्या जुन्यापेक्षा पंधरा यार्ड जास्त गेला, तर आधी त्याचा लॉफ्ट विचारा. पूर्वी सात नंबरला 34 ते 36 अंश लॉफ्ट असे, आज अनेक सेटमध्ये तो 28 ते 30 अंश असतो. म्हणजे तो जुना सहा किंवा पाच नंबरच आहे, फक्त त्यावर सात लिहिले आहे. त्याचा त्रास सेटच्या दुसऱ्या टोकाला होतो. पिचिंग वेज 43-44 अंशांची होते, पिशवीतली सँड वेज 56 अंशांचीच राहते आणि मध्ये बारा अंशांची दरी पडते. तिथे 49-50 अंशांची एक वेज घालावी लागते. नियमांनुसार पिशवीत 14 च क्लब ठेवता येत असल्यामुळे त्यासाठी वरून काहीतरी काढावे लागते, आणि तुमच्या वेगाला चार नंबरचा आयर्न काढून टाकण्यात काहीच तोटा नाही. पाच नंबरऐवजीही हायब्रिड (चेंडू अधिक सहज उंच उडवणारा क्लब) वापरून पाहा. चेंडू उंचावरून ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड गवतावर) उतरला तर थांबतो, सपाट उतरला तर ग्रीनच्या पलीकडे निघून जातो.

वेजच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या खेळाडूला परदेशी सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. तळाचा मागचा भाग पुढच्या धारेपेक्षा किती अंश खाली आहे त्याला बाउन्स म्हणतात. तो जमिनीत रुतण्यापासून क्लबला वाचवतो. खोल डिव्हॉट काढणाऱ्याने जास्त, म्हणजे 12-14 अंशांचा बाउन्स घ्यावा असे सांगितले जाते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या फेअरवेवर ते शंभर टक्के खरे आहे. पण हाच तळ एप्रिल-मेच्या टणक, गवत विरळ झालेल्या जमिनीवर आपटून वर उसळतो आणि धार चेंडूच्या पोटात लागते. ग्रीनच्या कडेपासून मारलेला छोटा चिप पलीकडच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जातो तो यामुळे. म्हणून दोन वेजेसचे बाउन्स मुद्दाम वेगळे ठेवावेत. 56 अंशांची 12 बाउन्सची वेज वाळूसाठी आणि पावसाळ्यासाठी ठेवावी, आणि 50 अंशांची 8 किंवा त्याहून कमी बाउन्सची वेज उन्हाळ्यातल्या चिपसाठी वापरावी. एक सावधगिरी लक्षात असू द्या. वेजचा लॉफ्ट दोन अंश कमी करून घेतला की तिचा बाउन्सही दोन अंश कमी होतो. अंतराचा हिशेब जुळवताना वाळूतला क्लब असा निकामी झालेला मी पाहिला आहे.

पटरबद्दल (ग्रीनवर चेंडू लोटण्याच्या क्लबबद्दल) थोडक्यात: तुमच्या उंचीला 35 इंचांचा पटर बहुधा लांब पडतो. नेहमीसारखे उभे राहून डाव्या डोळ्याखाली एक चेंडू सोडा. तो खाली ठेवलेल्या चेंडूवर किंवा त्याच्या किंचित आत पडला पाहिजे. तो खूपच आत, पायांकडे पडत असेल तर 33 इंचांचा पटर मागून घेऊन पाहा.

तुमचा पुढचा दीड महिना मी असा आखेन. पहिल्या आठवड्यात शाईच्या रेघेची चाचणी घ्या, मनगटाचे माप काढा आणि चौदाही क्लबचे लॉफ्ट-लाय लिहून घ्या. दुसऱ्या आठवड्यात फक्त सात नंबरचा आयर्न कापून घ्या, नवी ग्रिप बसवून घ्या आणि लाय जुळवून घ्या. बाकीचे क्लब आहेत तसेच राहू द्या. त्या एका क्लबने तीन आठवडे खेळा. सुरुवातीला चेंडू उजवीकडे जाईल, कारण मनगटांची जुनी सवय अजून चालू असेल. त्याने घाबरून क्लब परत वाकवायला आणू नका. या तीन आठवड्यांच्या अखेरीपर्यंत चेंडू सरळ होऊ लागला तर बाकीचे आयर्न त्याच मापाने करून घ्या. हे सारे करताना प्रशिक्षकांना बरोबर घ्या. फेसवर उमटलेल्या रेघा त्यांना मोबाइलवर दाखवा, म्हणजे मनगटे सोडायला सांगण्याची वेळ कोणती, हे त्यांना ठरवता येईल. या कामाचा खर्च नव्या सेटच्या किमतीचा लहानसा हिस्साच असतो. आणि भाऊ पुढच्या वेळी भारतात येऊन तुमच्याबरोबर खेळायचे म्हणत असेल, तर त्याला आधीच कळवा की हे क्लब आता त्याच्या मापाचे राहिलेले नाहीत.